सगळीकडून आलेली हाक

हाक मारली तरी जागची न हलणारी पेशी, हे कोडं चिखलदऱ्याच्या प्रयोगशाळेत तीन दिवस मुक्कामाला होतं.

साल २०५८. प्रयोगशाळा सोनयच्या आज्याची, म्हणजे डॉ. मन्साराम कासदेकरांची. सोनय सहावीत होती आणि तिचा भाऊ बिसू तीन वर्षांचा. बिसूला खरचटलं की जखम महिना महिना ओली राहायची. आताही गुडघ्यावर पांढरी पट्टी होती. त्या पट्टीला तो ‘माझी चिमणी’ म्हणायचा.

आज्याने सोनयला सगळं समजावलं होतं. जखम झाली की तिथल्या पेशी केमोकाइन (पेशींना बोलावणारं प्रथिन) सोडतात. त्याच्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे राखणदार, सरपटत येतात. प्रयोगशाळेत बिसूसारखाच आजार असलेले उंदीर होते आणि त्यांच्या जखमेपाशी राखणदार पोचत नव्हते. राखणदारच बहिरे आहेत, की त्यांना कुणी हाकच मारत नाही? हाक नसेल तर ती बाहेरून देता येईल. बहिरे असतील तर वाट फार लांबची.

त्यासाठी आज्याने उंदराचं केमोकाइन बनवलं होतं, तेही उंदराकडून न घेता. उंदराचं जनुक (प्रथिन कसं बनवायचं याची कृती) त्याने जिवाणूत जोडलं. जिवाणूंनी ती कृती वाचून उंदराचं प्रथिन रांधलं. अशा प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन (जनुक जोडून दुसऱ्या जीवाकडून करवून घेतलेलं) म्हणतात. शुद्ध करून वाळवल्यावर ते इतकं थोडं उरलं की कुपी रिकामीच वाटायची.

प्रयोगाचं भांडं दुमजली, मध्ये बारीक छिद्रांची जाळी. वर पेशी ठेवायच्या आणि त्या जाळीतून खाली उतरतात का ते पाहायचं. पण प्रयोग दोनदा केला आणि दोन्ही वेळा निरोगी उंदरांच्या पेशीसुद्धा उतरल्या नाहीत.

आजा म्हणाला, प्रथिन बिघडलं असणार. आता एकाच प्रयोगापुरतं प्रथिनाचं द्रावण उरलंय, नवं बनायला दोन महिने लागतील, तोवर थांबू.

“बिसूच्या गुडघ्याला सांग थांबायला,” सोनय म्हणाली आणि पाय आपटत घरी निघाली.

दिवस मोहाची फुलं गळण्याचे होते. वाटेत तिने रागाने डोळे मिटले, तरी वास दाट होत गेला तसतसे पाय नेमके घराकडेच वळले. अंगणात चारी बाजूंनी मोहफुलं वाळत होती. आई फुलं पसरता पसरता गुणगुणत होती:

मोह गळतो रानात, वास येई वाटोवाटी
जिथं दाटे वास बाई, तिथं भर तुझी पाटी

बिसू मधोमध डोळे मिटून मोह शोधायचा खेळ खेळत होता. एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि कंटाळून खाली बसला. “सगळीकडेच आहे,” तो म्हणाला. “कुठं जाऊ?”

सोनय थबकली. मग आली तशी उलट पावली प्रयोगशाळेकडे धावत सुटली.

भांडी भरायचं काम भिंगरी नावाच्या यंत्रमानवाचं. प्रयोगशाळेत येण्याआधी ती आश्रमशाळेत मुलांना जेवण वाढायची.

“भिंगरी, प्रथिन कुठल्या मजल्यावर घातलंस?”

“दोन्हीकडे सारखं,” भिंगरी म्हणाली. “वरच्या पंगतीने उपाशी का राहावं?”

आज्याने कपाळाला हात लावला. नोंदीत ‘प्रथिन घातलं’ एवढंच वाचून तो पुढे गेला होता. प्रथिन चांगलंच होतं. पेशी आपल्या एका कडेला हाक दाट आहे की दुसऱ्या कडेला, हे ताडून पाहते आणि दाटीकडे सरकते. दोन्हीकडे सारखीच असली तर जाणार कुठे? या फरकाला सांद्रता-उतार (एकीकडे दाट, दुसरीकडे विरळ) म्हणतात. सोनयला तो शब्द पाठ करावा लागला नाही. ती नुकतीच त्यावरून चालून आली होती.

उरलेलं द्रावण तिने स्वतः मोजून फक्त खालच्या मजल्यात घातलं. एका भांड्यात वर निरोगी उंदरांच्या पेशी होत्या, दुसऱ्यात आजारी उंदरांच्या. तीन तास ती स्टुलावरून उठली नाही.

निरोगी पेशी खाली उतरल्या होत्या. आज्याने सूक्ष्मदर्शकाखाली दुसरं भांडं ठेवलं आणि डोळा लावून पाहिलं. मग हळूच सरकून तिला जागा दिली. जाळीखाली एक पेशी होती. तिच्यामागे सात. मग मोजता येईनात इतक्या.

“बहिरे नाहीत,” सोनय म्हणाली.

आज्याने बजावलं की उंदीर तो उंदीर. बिसूसाठी माणसाचं प्रथिन बनवावं लागेल, बिसूच्याच पेशींवर तपासावं लागेल, त्यात वर्षं जातील. “जाऊ देत,” ती म्हणाली. “आजपासून मोजू.” तोवर भिंगरीने सगळ्या भांड्यांच्या वरच्या मजल्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: इथे वाढू नये.

संध्याकाळी सोनयने बिसूला विचारलं, तपासायला रक्ताचा एक थेंब देशील का.

“दुखेल?”

“मुंगीएवढं.”

बिसूने एका हाताने गुडघ्यावरची चिमणी झाकली, डोळे घट्ट मिटले आणि दुसऱ्या हाताचं बोट बरोबर तिच्या आवाजाच्या दिशेने पुढे केलं.