साहेब अजून वरच आहेत

दार लोटून घ्या रे, गार वारा येतोय. आणि आधीच सांगतो, यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही, पांढऱ्या कपड्यातली बाई तर नाहीच नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे.

मागच्या डिसेंबरातला मंगळवार. रात्रीचे साडेदहा. नातीला ताप भरला म्हणून आमचे साडू औषध आणायला निघाले. दुकान शाळेच्या मैदानापलीकडं. "मुलाला पाठवा की," बायको म्हणाली. "तो आत्ताच कामावरून आलाय. आणि मला काय धाड भरलीय?" म्हणाले, आणि टॉर्च घेऊन बाहेर पडले.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. आयुष्यभर सैन्यात हेलिकॉप्टरं दुरुस्त केली. मशीन परत आलं की खाली उभं राहून हातांच्या खुणांनी उतरवायचं, हेही त्यांच्याकडंच. दोन्ही हात आडवे धरले की वरच्यानं तिथंच तरंगायचं. हात सावकाश खाली आणले की उतरायचं.

त्यांचा एक पायलट होता. वयानं यांच्याहून बराच लहान, पण हे साहेबच म्हणायचे. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला मिस्त्री स्वतः शेजारी बसायचे. "मी आवळलेल्या बोल्टवर साहेब जिवाचा भरवसा ठेवतात, मग मी त्यांच्या हातावर नको ठेवायला?" एकदा वर असतानाच इंजिन गेलं. साहेबांनी नुसत्या फिरत्या पात्यांवर मशीन शेतात टेकवलं. मिस्त्री सांगायचे, "झोपलेलं लेकरू गादीवर ठेवावं ना, तसं." साहेब घाम पुसत हसले. म्हणाले, "मिस्त्री, मला जमीन दिसली नाही तरी चालेल. तुम्ही दिसलात की मी उतरतो."

आणि नेमकं तेच पुढं आलं.

एका रात्री साहेब डोंगरातून जखमी जवान घेऊन येत होते. तळावर अचानक धुकं उतरलं. दुसरीकडं जावं तर तेल पुरेना. मिस्त्री दोन्ही हातांत दिवे घेऊन उभे राहिले. डोक्यावर आवाज घोंघावतोय, आणि वायरलेसवर साहेब.

"मिस्त्री, दिसत नाही तुम्ही."

"इथंच आहे, साहेब. तुमच्या खालीच आहे."

"दिसत नाही हो..."

आवाज डोंगराकडं सरकला. मग बंद झाला. मिस्त्रींचे हात मात्र चालूच होते. शेवटी दोघांनी धरून खाली घेतले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मिस्त्री निवृत्त झाले, घर बांधलं, नात झाली. त्या रात्रीबद्दल घरात कुणी विचारत नसे.

तर त्या मंगळवारी औषधाला गेलेला माणूस तासभर आला नाही. बाहेर धुकं असं, की समोरच्या घराचा दिवा दिसेना. मुलगा शोधायला निघाला. मला हे सगळं त्यानंच सांगितलं. पोरगा हिशेबी डोक्याचा आहे, उगाच तिखटमीठ लावणारा नाही.

मैदानाच्या कडेला औषधाची बाटली नीट ठेवलेली. आणि पुढं, धुक्यात, बाबा उभे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मोबाइलचा दिवा. हात आडवे.

"बाबा! अहो, काय करताय?"

"बोलू नकोस. ते माझ्याकडं बघताहेत."

"कोण?"

"पुढं येऊ नकोस... पंखा चालू आहे."

मुलाला काही ऐकू येईना. झाडाचं पान हलत नव्हतं. धुकं जागच्या जागी. पण बाबांचा सदरा... सदरा अंगाला चिकटून मागं फडफडत होता. केस उडत होते. डोळे बारीक झाले होते, धूळ जावी तसे.

त्यानं बाबांचा दंड धरला. लोखंडाचा खांब. हलेना.

"तेल संपत आलंय," बाबा म्हणाले. "या, साहेब. या. खाली... अजून खाली..."

हात सावकाश खाली येऊ लागले.

आणि सदरा एकदम शांत झाला.

बाबा वर बघत राहिले. मग एका बाजूला, तिकडं डोंगर असावा तसे, कितीतरी वेळ.

"नाही दिसलो रे," म्हणाले. "परत नाही दिसलो."

त्या रात्रीपासून मिस्त्रींचे हात वर उचलतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, हाड ठीक, नस ठीक. घास बायको भरवते. मी भेटायला गेलो तर हसून म्हणाले, "बघा साडूभाऊ, राजाचा थाट." मला हसता आलं नाही.

जानेवारीत पुन्हा धुकं पडलं. शनिवार होता. मी त्यांच्याकडंच मुक्कामाला होतो. मध्यरात्री मिस्त्री खाटेवर उठून बसले. छताकडं बघत.

"आले," म्हणाले.

मी कान दिला. काही नाही. घड्याळाची टिकटिक.

"साडूभाऊ, मला मैदानात न्या हो."

"नेऊन काय करणार? हात..."

त्यांनी हातांकडं बघितलं. दोन्ही हात मांडीवर पडलेले. उचलायला बघत होते. बोटं तेवढी हलली. कपाळावर घाम. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही हात उठेना.

"साहेब, हात उठत नाहीत हो... साहेब..."

मुलगा टॉर्च घेऊन दारापर्यंत गेला. तिथंच थांबला. "मला खुणा येत नाहीत, काका," म्हणाला.

कुणीच काही करू शकलं नाही. आम्ही बसून राहिलो. मिस्त्री ऐकत राहिले.

मग त्यांनी मान खाली घातली.

उजाडल्यावर मुलगा आणि मी मैदानात गेलो. धुकं विरलं होतं. सगळं गवत दवानं चिंब, चपला भिजून गेल्या. मधोमध मात्र एक मोठा गोल... कोरडा ठणठणीत. त्यातलं गवत चारी बाजूंनी बाहेर झोपलेलं.

मी खाली बसलो. हात लावून बघितलं.

गवत गरम होतं.