वीस कनेक्शन

परीक्षा विभागात अकरा कम्प्युटर, दोन प्रिंटर, एक प्रिंट सर्व्हर आणि दाराशी हॉल तिकिटासाठी खोळंबलेली चाळीसेक मुलं. सर्व्हरवर उघडी कनेक्शन वीस.

गंधालीने पुन्हा मोजली. वीसच.

स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून ती मुलुंडच्या या कॉलेजात जूनमध्ये लागली. पहिल्याच आठवड्यात प्रिंटिंग बंद पडलं आणि चेंबूरहून सिद्धेश आला, सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. टेबलाखाली अर्धा शिरून म्हणाला, "टॉर्च धरतेस जरा?" ओळख ना पाळख, थेट 'तू'! तिने धरला... आणि उजेड केबलऐवजी त्याच्या भुवईवरच्या धुळीवर पडला.

तेव्हापासून दर आठवड्याला तेच. तो केबल बदलायचा, सर्व्हर पुन्हा चालू करायचा, चहाला थांबायचा. दोन दिवस ठीक, मग पुन्हा 'कनेक्शन नाकारले'.

आज कारण तिला सापडलं होतं. पण दुखणं कायमचं गेलं, तर हा कशाला येईल?

"काय गं, आज गप्प?" नवी केबल उलगडत सिद्धेशने विचारलं.

दारातून एक मुलगी डोकावली. "मॅडम, उद्या पेपर आहे ना..."

गंधालीने श्वास सोडला. "केबल ठीक आहे रे. प्रिंट अडकली की आमच्या जयंती मॅडम तोच प्रिंटर नव्याने जोडतात."

"नव्याने जोडला की लवकर येते," हेडक्लार्क जयंती मॅडम ठासून म्हणाल्या. "सगळ्यांना करून दिलंय मी!"

"आणि जुनं कनेक्शन तसंच उघडं राहतं. सर्व्हर वीसच घेतो. एकविसाव्याला नकार."

सिद्धेश स्क्रीनकडे बघत राहिला. "वाट लागली... आणि मी केबल बदलत बसलो!"

"जादा कनेक्शन काढ. रिकामी राहिलेली आपोआप तुटतील असं सेटिंग कर."

तो कामाला लागला. थोड्याच वेळात प्रिंटर घुरघुरला. कोमट हॉल तिकिटांचा गठ्ठा तिने त्याच्या हातून घेतला, तेव्हा बोटं बोटांना लागली... आणि लगेच सुटली नाहीत.

"आता मला बोलवायला नको," तो हळूच म्हणाला.

"माहितीये."

"मग सांगितलंस कशाला?"

"मुलांचा पेपर आहे. आणि..." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तू बिघाडासाठी येतोस की माझ्यासाठी, हे बिघाड असेपर्यंत कळणार कसं? एक कारण काढल्याशिवाय दुसरं मोजता येत नाही."

"म्हणजे प्रयोग? माझ्यावर?"

"हो."

"डेंजर आहेस यार तू." तो हसत होता, पण नजर तिच्यावरून हलली नाही. "निकाल कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"तोवर चहा सांगू का दोघांना?" जयंती मॅडम शिक्के मारता मारता म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात प्रिंटिंगच्या तक्रारी शून्य. सिद्धेशच्या फेऱ्या तीन.