खिशातला फ्यूज

वाइपरचं काम झालं की फ्यूज मी गिऱ्हाइकालाच लावायला सांगतो. हसता काय? पाऊस थांबेपर्यंत बसा, सांगतो.

वाइपरच्या दांड्यांमध्ये हात घालायचा, तर आधी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचा, ही माझी जुनी सवय. आत बसलेल्यानं चुकून बटण फिरवलं तर बोटं जायची. माझा थोरला भाऊ थट्टा करायचा, "ढापण्या, बायकोला तरी एवढं जपतोस का रे?" मला ढापण्या म्हणणारा तो एकटाच.

त्याच्या पिकअपचे वाइपर अडकायला लागले, तेव्हा दांड्यांच्या जोडातला बुश झिजला होता. नवीन जवळ नव्हता. मी तारेनं आवळून दिलं आणि म्हटलं, "दोन दिवस काढ, दादा." दुसऱ्याच दिवशी उतारावर पावसानं गाठलं. काच दिसेनाशी झाली, गाडी कड्यावरून गेली. दादा गेला. तारेचं मी कोणालाही सांगितलं नाही, वहिनींना तर नाहीच. तोंड उघडायची हिंमतच झाली नाही.

सहा महिन्यांनी एका दुपारी वहिनी तीच गाडी दुरुस्त करून घेऊन आल्या. घर आता त्यांच्यावर होतं. त्याच उतारानं भाजी पोचवायची होती.

"भाऊजी, वाइपर आपोआप हलतात. आणि पाऊस आला की थांबतात."

"बघतो. तुम्ही आतच बसा."

बटण ठीक होतं, मोटर ठीक होती. फ्यूज काढून खिशात टाकला आणि काचेखालची जाळी उघडली. आत माझीच तार होती. तोच पीळ, फक्त आता गंजलेला. तार सोडवली, नवीन बुश बसवला. तेवढ्यात दांडी हलली… हळूच… आणि माझं मनगट दाबून धरलं. मोटरच्या जोरानं हाड मोडलं असतं. हे नुसतं धरलं होतं, थंडगार.

"वहिनी… बटणाला हात लावला का?"

"नाही हो. माझे हात मांडीवर आहेत."

"दादा," मी पुटपुटलो, "चुकलो रे. आता नवीन घातलाय, शपथ." दांडीनं मनगट सोडलं.

घाईघाईनं जाळी बसवली. वहिनींनी बटण फिरवलं, वाइपर लोण्यासारखे चालले. माझा जीव भांड्यात पडला. आभाळ भरून आलं होतं, त्या लगेच निघाल्या.

सरी आल्या. चष्मा पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर फ्यूज खाली पडला.

मी परत लावलाच नव्हता.

लगेच फोन लावला. वहिनी उतारावर पोचल्या असतील. पलीकडे पावसाचा आवाज, आणि वाइपरची एकसारखी खरड.

"वहिनी, गाडी बाजूला घ्या! फ्यू…"

"असू दे रे, ढापण्या. राहू दे तुझ्याकडे. इथं मी आहे ना."

आवाज वहिनींचाच होता.

त्या सुखरूप पोचल्या. आजही रोज तोच उतार उतरतात, वाइपरची तक्रार पुन्हा कधी आली नाही. तो फ्यूज हा बघा, अजून माझ्याच खिशात आहे. त्यांनी कधी मागितला नाही.