पाठीवरची चेन

“अहो… जरा माझी पाठ बंद करता का?”

धक्क्यावर दोर गुंडाळणारा तो दचकून वळला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. बुडी मारायचा, पाणी आत येऊ न देणारा जाडजूड काळा सूट, आणि त्याची चेन या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत उघडी. ती आपली आपल्याला लावताच येत नाही. माझी जोडीदारीण राग्ना त्या सकाळी तापानं फणफणली होती.

“अहो काय? आमुंड म्हण,” तो म्हणाला. खिशातून मेणाचा तुकडा काढून त्यानं चेनच्या दातांवरून फिरवला. सावकाश… अगदी सावकाश. समुद्रावर भुरभुर बर्फ पडत होता.

“आमुंड, मेण लावतोयस की पावाला लोणी?” होडीतून त्याची आत्या ओरडली. “आणि पोरीला एकटी सोडू नकोस. तूही उतर!”

खाली, दोन पुरुष खोलीवर, हेरिंग मासे पकडणारं एक जुनं जहाज बुडून कुशीवर निजलं होतं. मार्चचं पाणी काचेसारखं. समुद्री गवत डोलत होतं, आणि जहाजाच्या कठड्यांवर पांढरी-केशरी फुलं उमलली होती — फुलं कसली, जिवंत प्राणीच ते! मी त्यांच्यामागे भरकटत गेले, तसा आमुंड समोर आला आणि दोन्ही हातांच्या तर्जनी एकमेकींना चिकटवून दाखवल्या. जोडीनं राहा.

“बोटं दाखवली तर बघायचं असतं,” वर आल्यावर तो रागावला.

“बघितली की. छान आहेत.”

त्याचे कान लाल झाले. थंडीनं असतील…

राग्ना बरी झाली, पण दर रविवारी माझी चेन आमुंडच लावू लागला. जहाजाच्या सुकाणूच्या चाकाशी एक गोलमटोल मासा अंड्यांवर पहारा देत बसलेला असायचा. आम्ही दर खेपेला त्याला भेटायचो.

“आठवडे झाले, हलत नाही की बोलत नाही,” तपकिरी चीजचा पाव खाता खाता मी म्हणाले. “ओळखीचं वाटतं कोणी?”

“नर आहे तो,” आमुंड म्हणाला. “लाटा आल्या तरी जागा सोडत नाही.” आणि कॉफीत बघत बसला. मी वाट पाहिली. पुढे काही नाहीच!

मग माझा सूट मानेपाशी गळू लागला. मी नवा घेतला, पुढून चेन असलेला. त्या रविवारी धक्क्यावर त्याच्यासमोर ती एका दमात वर ओढली — सर्रर्र. वाटलं, आता तरी काही बोलेल.

आमुंडनं मेणाचा तुकडा परत खिशात ठेवला.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. “आता कोणाची गरज नाही तुला.”

पाण्यात तो माझ्या शेजारीच होता, पण हातभर लांब. आणि पुढच्या रविवारी आलाच नाही.

“जाळी विणतोय म्हणे,” आत्या म्हणाली. “त्याच त्या भोकाभोवती सकाळपासून. तू त्याला काय केलंस गं, मारित?”

काय केलं मी? त्याच्या हातातलं काम काढून घेतलं होतं… आणि माझ्या पाठीवरचा त्याचा श्वासही.

त्यानंतरच्या रविवारी मी जुना सूट चढवला आणि थेट त्याच्या जाळ्यांच्या खोपटात गेले. दारातच पाठ केली.

“हा गळतो,” तो म्हणाला.

“गळतो.”

“मग?”

“मग काय? लाव ना चेन!”

मग मेणाचा तो ओळखीचा वास. सावकाश… अगदी सावकाश.

“मारित… चेनला एवढं मेण लागत नाही.”

“पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.”

मागून तो हसला. चेन मात्र बराच वेळ तशीच अर्धी राहिली…

आम्ही उतरलो तेव्हा ऊन पाण्यात तिरपं झिरपत होतं. गोलमटोल मासा जागचा हलला नव्हता. अंड्यांत आता इवले इवले डोळे चमकत होते. आमुंड माझ्याकडे वळला. मी त्याच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून होते. भरकटले नव्हते, लांब गेले नव्हते. तरी त्यानं दोन्ही तर्जनी एकमेकींना चिकटवल्या, आणि तशाच धरून ठेवल्या.

बर्फासारखं पाणी मानेवरून माझ्या पाठीत उतरत होतं. मी अंगठा नि बोट जुळवून दाखवलं — सगळं ठीक आहे.