खालचे दोन फूट

छिन्नी घ्यायला म्हणून मी त्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले, आणि सकाळपासूनची भुरभुर तेवढ्यात चांगलीच जोरात आली. दुकानात माझ्याखेरीज एकच गिऱ्हाईक होतं, खिळे निवडत बसलेला एक उंच माणूस. एकेक खिळा उजेडात धरून अशा काही बारकाईनं बघत होता, जणू स्थळच पाहायला आलाय. मला हसू आलं… आणि ते त्यानं पाहिलं.

मी काउंटरवरची जाडजूड छिन्नी उचलली, तर म्हणाला, "कशासाठी हवीय?"

"भिंतीला भोक पाडायला."

"मग ही नको. हिनं भोक नाही, खिंडार पडेल." त्यानं खालच्या खणातून बोटाएवढी बारीक छिन्नी काढून माझ्या हातावर ठेवली. बोटं जेमतेम लागली असतील… पण लागली. "भिंत कोणाची आहे?"

"आहे एका अतिशहाण्याची," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो अतिशहाणा मला शाळेच्या दारात भेटला. तोच उंच माणूस! मी कानापर्यंत लाल झाले आणि त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, छिन्नी नीट आहे ना म्हणून. आपल्याच पायावर मारायचा धोंडा त्यानं स्वतः निवडून दिला होता, पण ते तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

माझं काम सांगते. पर्यावरणाला न ओरबाडता बांधलेल्या इमारतींची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. शेवटच्या फेरीत सहा इमारती उरतात, आणि कागदावर लिहिलेलं जमिनीवर खरंच आहे का, हे बघायला प्रत्येक ठिकाणी एक तपासनीस जातो. इथे मी आले होते. इमारत म्हणजे लहान मुलांची छोटीशी शाळा. साच्यात ओलसर माती घालायची, धुम्मस मारून ती दगडासारखी घट्ट बसवायची, त्यावर पुढचा थर… अशा नुसत्या मातीच्या भिंती. अर्जात ठळक अक्षरांत लिहिलं होतं : सिमेंटचा कणही नाही. त्या एका वाक्यावर तो उंच आर्किटेक्ट शेवटच्या सहांत आला होता. जिंकला तर अशा दहा शाळा त्याला बांधायला मिळणार होत्या. हरला तर पुन्हा दुसऱ्याच्या ऑफिसात जिन्यांचे नकाशे काढत बसायचं होतं.

भिंती उभ्या केल्या होत्या त्याच्या वडिलांनी. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. आर्किटेक्ट मुलगा बापाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. बाबांचा हात लागला की भिंतीची सरळ रेघ तपासणारा ओळंबासुद्धा लाजतो म्हणे. मिस्त्री तेवढ्यात काहीतरी आणायला बाहेर निघून जायचे. मला वाटलं, भिडस्त आहेत.

आम्हाला स्पर्धकाकडून काही घ्यायची बंदी असते, अगदी चहासुद्धा. हे कळल्यावर तो रोज दोन कप चहा करायचा, एक माझ्यासमोर ठेवायचा आणि मी मान हलवली की दोन्ही स्वतःच प्यायचा. "तुमच्या वाट्याचा गोड होता हं," असं वर सांगायचा. मी वहीत डोकं खुपसून गालातल्या गालात हसायचे. तीस वर्षांची बाई मी, पाच देश फिरलेली, आणि सकाळी आरशासमोर दहा मिनिटं जास्त लागायला लागली होती.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला भिंतीवर तळवा टेकवायला लावला. गार होती. शेजारी त्यानंही हात टेकवला, चार बोटांचं अंतर ठेवून. बाहेर पाऊस लागला होता आणि दोघंही हात काढत नव्हतो.

"निकाल लागला की तुम्हाला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"आत्ताच विचारा की."

"आत्ता तुमच्या नियमात बसणार नाही."

खरंच बसलं नसतं. तपासनीस आणि स्पर्धक यांच्यात काही आहे असं दिसलं, तर अर्जच बाद होतो.

"मग मी उत्तर तयार ठेवते," मी म्हटलं… आणि माझं मलाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्या बारीक छिन्नीनं मी भिंतींचे आठ तुकडे काढले. परीक्षा अगदी साधी असते. तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकायचा, नुसती माती असेल तर थोड्या वेळात विरघळून गाळ होतो. सात ग्लासांत गाळ झाला. आठवा तुकडा उत्तरेच्या भिंतीच्या पायथ्याचा, तो तसाच राहिला. मी शेजारचे आणखी तीन काढले. तेही तसेच. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत सगळं तसंच होतं.

तो काही कामासाठी बाहेर गेला होता. मिस्त्री कुलूप लावायला आले आणि ग्लासांकडे बघत दारातच थांबले.

"नाही विरघळायचा तो, पोरी," ते म्हणाले. "मीच घातलंय सिमेंट."

मग बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. अंगणात आधी नमुन्याची एक भिंत बांधली होती, ती एका पावसात खाली बसली. पुढे मुलगा दुसऱ्या कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेला, तेव्हा उत्तरेच्या भिंतीचं काम चालू होतं. पावसाचा मारा तिथेच, आणि डबा खाताना मुलं टेकून बसणार तीही तिथेच. त्यांना झोप लागेना. कोणाला न सांगता खालच्या थरांत त्यांनी सिमेंट मिसळलं. अर्जात काय लिहिलंय ते त्यांना फार उशिरा कळलं, आणि मग जीभ रेटेना.

"माझा मातीवर विश्वास आहे गं," ते म्हणाले. "पावसावर नाही. तू खरं तेच लिही. फक्त कोणी घातलं, तेवढं त्याला सांगू नकोस."

अहवालात 'कोणी' असा रकानाच नव्हता. मी हो म्हटलं.

खोटं कशाला बोलू, एक ओळ गाळायची असं माझ्याही मनात आलं. कोणाला कळलं असतं? पण बाकीच्या पाच जणांनीही रक्त आटवलं होतं. आणि ती गाळलेली ओळ घेऊन मी जन्मभर त्याच्यासमोर कशी बसणार होते?

चौथ्या दिवशी अहवाल पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवायचा होता, तसा नियमच आहे. तो आधी हसला. मग हसू थांबलं.

"परत बघ," तो म्हणाला.

ज्या 'तू'ची मी तीन दिवस वाट बघत होते, तो असा आला. मी म्हटलं, चार तुकडे बघितलेत.

"बाबांनी एकेक थर स्वतः उभं राहून ठोकून घेतलाय. मी त्यांना विचारणारसुद्धा नाही. विचारलं तर त्यांना वाटेल, पोरानं संशय घेतला." त्याचा आवाज खाली आला. "चूक झाली असेल तुझी. एवढंच म्हण. स्पर्धा गेली खड्ड्यात… मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"चूक नाही झालेली."

"मग मी खोटारडा आहे?"

"नाही."

"मग कोण आहे?"

खिडकीतून मिस्त्री दिसत होते, अंगणात पाण्याचा पाइप गुंडाळत. मी टेबलाकडे बघितलं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. आयुष्यात मी इतकं वाईट खोटं कधी बोलले नव्हते.

मी काहीतरी लपवतेय हे त्याला कळलं होतं, आणि काय लपवतेय ते मात्र त्याच्या स्वप्नातही येणार नव्हतं. "तुला विचारायचं होतं ते…" एवढंच म्हणाला, आणि मग जाऊ दे म्हणाला. अहवाल वाचल्याची सही केली, सही मात्र नेहमीसारखी सुबक केली, आणि निघून गेला. मागून हाक मारावीशी वाटली. काय सांगायला मारणार होते?

दुपारी लॉजवर बॅग भरत होते, तर मिस्त्री धापा टाकत वर आले. जिने चढायची सवय असलेला माणूस, पण दाराला धरून उभा राहिला. मुलगा सकाळपासून कोणाशी बोललेला नाही, म्हणाले. आम्हाला काय डोळे नाहीत का, म्हणाले. मी आत्ताच्या आत्ता जाऊन त्याला सगळं सांगतो.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. "नाही सांगायचं. त्याचं बक्षीस गेलं. मी गेले. आता त्याला भरवसा ठेवायला तुम्ही एकटे उरलाय. तोही काढून घेता का?"

ते हळूच म्हणाले, "आणि तुझं काय, पोरी?"

"माझं प्रेम आहे त्याच्यावर," मी म्हटलं.

इतके दिवस नियमात बसत नव्हतं ते पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, आणि ऐकायला तो नव्हता, त्याचे वडील होते. ते उठले, चल, तुला गाडीत बसवून देतो म्हणाले, माझी बॅग उचलली आणि माझ्याआधी जिना उतरायला लागले.