दुसरा कीबोर्ड

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या मावसबहिणीच्या, मैत्रेयीच्या बाबतीत घडलेली आहे. तिनं स्वतः मला सांगितली. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

गेल्या वर्षीचा मे महिना. यवतमाळ जिल्ह्यातलं आर्णी. भर दुपार.

भुतं रात्रीच येतात असं कुणी म्हणालं, की मी आता गप्प बसते.

मैत्रेयी ही संघदीपची दुसरी बायको. पहिली, दीपा, तापानं गेली. बसस्टँडजवळचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान दीपानंच उभं केलेलं. लग्नानंतर तिथं मैत्रेयी बसू लागली.

गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "दीपाताईचा हात लई चालाचा बाप्पा!"

मैत्रेयी हसायची. आतून जळायची.

तिनं दीपाचा फोटो भिंतीवरून काढला. खुर्ची बदलली. कीबोर्डवरची अक्षरं दीपाच्या बोटांनी पुसट झाली होती, म्हणून तोही भंगारात दिला. नवा आणला.

कॉम्प्युटर तेवढा जुनाच राहिला.

त्या दुपारी तो फारच अडकायला लागला. संघदीप जेवायला घरी गेलेला. मैत्रेयीनं यवतमाळच्या सैफला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती तोच करायचा.

"वहिनी, सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. कॉम्प्युटरच्या डब्याले काय काय जोडलं हाये, समदं दिसते. मले वाचून दाखवा."

ती वाचू लागली. रॅम. हार्ड डिस्क. माऊस, एक.

कीबोर्ड... दोन.

"दोन? माह्याकडं तं एकच हाये."

"होते असं कधी. एकच दोनदा दिसते. कीबोर्डची वायर काढा, दोन्ही जातीन."

तिनं वायर उपटली. माऊसनंच रिफ्रेश केलं.

एक गेला.

एक राहिला...

कीबोर्ड हातात घेऊन ती टेबलाखाली वाकली. डब्यामागं चाचपून पाहिलं. धूळ, जळमटं. दुसरी वायर नव्हतीच.

आणि वर, टेबलावर...

टक टक टक टक.

सराईत. न थांबता.

फोनमधून सैफ म्हणाला, "वहिनी, टायपिंगचा हात मस्त हाये हो तुमचा."

ती तशीच उन्हात घरी पळाली. संघदीप ताटावर होता. तिनं सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल.

तो घाबरला नाही.

"टाइप करून राह्यली होती?" त्यानं विचारलं. आणि त्याचा चेहरा उजळला.

लग्नाच्या दिवशीही तो तिच्याकडे पाहून असा उजळला नव्हता.

त्यानंतर संघदीप दुकानातून हलेना. मैत्रेयीला म्हणायचा, "तू घरीच राय. ऊन लई हाये."

एका दुपारी ती त्याचा जेवणाचा डबा घेऊन गेली. शटर अर्धं खाली. आतून हसण्याचा आवाज.

संघदीपचा.

ती वाकून आत शिरली. तो बाजूच्या स्टुलावर बसला होता. खुर्ची रिकामी होती... आणि टक टक सुरू होती.

"कोणासंग हासून राह्यले?"

टक टक थांबली.

"कोणासंग नाई. काम चालू हाये."

"हा कॉम्प्युटर आजच्या आज भंगारात द्या. नाई तं मी चालली माहेरले!"

"जाय," तो शांतपणे म्हणाला. "राहून ये काही दिस."

तिच्या डोक्यात आग पेटली. ती त्या खुर्चीवर बसली. आपला कीबोर्ड जोडला. सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं.

कीबोर्ड... एक.

गेली! मैत्रेयीला केवढा आनंद झाला. तिनं स्वतःचं नाव टाइप करून पाहिलं.

काहीच उमटेना.

तिनं वायर उपटली. रिफ्रेश केलं.

कीबोर्ड... एकच.

तिचा तर त्यात नव्हताच.

मागून संघदीपचा आवाज आला. अगदी मऊ.

"उठ मैत्रेयी. तिले बसू दे."

मैत्रेयी आता आमच्याकडेच राहते. सैफ म्हणतो, त्यानं तो कॉम्प्युटर उघडून पाहिला, त्यात काहीच खोट नाही. मला काय मानावं ते कळत नाही.

भीती गेली, असं ती म्हणते. पण दुपार झाली की हातातलं काम सोडून आर्णीच्या रस्त्याकडे तोंड करून बसते. मग हळूच मला विचारते,

"ताई, आत्ता काय करून राह्यले असतीन वो ते दोघं?"