सुभेदाराची भाजी

देशाने बाजाराची दारं उघडली, त्याच सुमारास फत्तेसिंहराव मोहित्यांनी दोन दारांचा फ्रीज घेतला. पणजोबांनी गायकवाडी पलटणीत तलवार चालवली होती. फत्तेसिंहरावांनी विमा कचेरीत रबरी शिक्का. तेव्हा निवृत्तीनंतर घरात एखादी भारदस्त वस्तू यावी ही अपेक्षा काही गैर नव्हती. समा भागातल्या सोसायटीतलं बैठं टेनामेंट लहान, म्हणून फ्रीज बैठकीतच उभा राहिला. येणारा-जाणारा आधी त्याच्याकडे बघून मग घरधन्याकडे बघे.

घरातली दुसरी भारदस्त व्यक्ती म्हणजे सुभेदार. हे कासव कुसुमावतीबाईंच्या माहेरचं, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतलं, लग्नात त्यांच्यासोबत आलेलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या आणि चालीत पेन्शनरचा डौल. होळीनंतर लेकीच्या, शलाकाच्या, बाळंतपणाला अमेरिकेत जायला निघाल्या तेव्हा बाईंनी नवऱ्याच्या जेवणाचं काहीच सांगितलं नाही. सुभेदाराचं मात्र सांगितलं.

"अहो, भाजी रोजच्या रोज आणायची. तांदुळजा, राजगिरा, काहीही. पण आणली की लगेच घालायची नाही. दारापुढच्या ओट्यावर उन्हात ठेवून थोडी मान टाकू द्यायची. त्याशिवाय तो खात नाही."

"का?"

"खात नाही," बाई म्हणाल्या. "मी येईपर्यंत त्याला सांभाळा, बस."

पोळेत फ्रीज नव्हता, म्हणून सुकलेल्या भाजीचाच रिवाज झाला, असा फत्तेसिंहरावांनी निष्कर्ष काढला. त्यांनी नवी पद्धत बसवली. आठवड्याची भाजी एकदम आणायची. विळीवर देठ छाटायचे, तीन पाण्यांनी धुवायची, जुन्या मलमलीच्या धोतरावर पसरून निथळू द्यायची. मग त्याच धोतराचा ओला, घट्ट पिळलेला तुकडा गुंडाळून स्टीलच्या डब्यात, खालच्या कप्प्यात. पहिल्याच दिवशी विळीने बोट कापलं. त्यांनी ते तोंडात धरलं आणि काम पुरं केलं.

आठवड्याने डबा उघडला तर तांदुळजा नुकताच खुडल्यासारखा. पुढच्या आठवड्यातही तसाच. शेजारच्या दिनकररावांना त्यांनी डबा मुद्दाम उघडून दाखवला. ते म्हणाले, मोहिते, तुम्ही विम्यात फुकट गेलात.

फक्त सुभेदार खात नव्हता. तो सावकाश यायचा, पानाला कपाळ टेकवायचा, बराच वेळ तसाच थांबायचा आणि वळून पलंगाखाली जायचा. फोनवर बाई दर वेळी आधी तेच विचारत, आणि फत्तेसिंहराव सांगत, "खातोय की." मग शलाकाच्या तान्ह्याचं रडणं ऐकू येई, आणि विषय बदले.

वैशाख तापला. दुपारी सोसायटीतली कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखाली पडून राहत. फत्तेसिंहरावांच्या बैठकीत मात्र हिरवा, ओलसर वास भरून राहिला होता. डोळे मिटले की पाटाच्या पाण्याशी बसल्यासारखं वाटायचं. देवापुढचा मोगरा कधी वाहिला होता ते त्यांना आठवेना, पण तो टपोरा होता. पातेल्यातलं दूध नासायचं राहिलं होतं. एकदा नखं कापायला बसले, तर कापण्यासारखं काही नव्हतं. बोटावरची जखम तशीच होती. ठणकत नव्हती, भरतही नव्हती. दाबली की लालबुंद, ताजा थेंब वर यायचा.

त्यांनी सुभेदाराला उचलून पाहिलं. तो रिकाम्या करवंटीसारखा हलका लागला.

तेव्हा मात्र ते घाबरले. बायकोची एवढी एकच गोष्ट सांभाळायची होती. त्यांनी डबा रिकामा केला, फ्रीज बंद केला, सगळी भाजी ओट्यावर पसरली आणि समोर खुर्ची टाकून बसले. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. पानं ताठच राहिली.

दुसऱ्या सकाळी ते नाक्यावर दुर्गाबेनच्या लारीवर, भाजीच्या हातगाडीवर, गेले आणि म्हणाले, सुकलेली जुडी दे. ती हसली. लोक ताजी मागतात, हे काका सुकलेली मागतात. गोणपाटाखालून तिने राजगिऱ्याची एक मरगळलेली जुडी काढून त्यांच्या हातात ठेवली.

जुडीने मान वर केली.

हळूहळू, एकेक पान, झोपेतून उठल्यासारखं. दुर्गाबेन बघत राहिली. तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"काका, तमारा हाथमां तो एनामां जीव आव्यो," ती हळूच म्हणाली. मग लारी दोन पावलं मागे ओढली. पैसे तिने घेतले नाहीत.

त्या दिवसापासून फत्तेसिंहरावांनी भाजीला हात लावला नाही. बैठकीत बसून राहिले. भूक लागत नव्हती. सुभेदारही आता भाजी शोधत नव्हता. तो यायचा, त्यांच्या पायाच्या अंगठ्याला कपाळ टेकवायचा, बराच वेळ तसाच थांबायचा आणि वळून जायचा.

पाऊस लागायच्या आत कुसुमावतीबाई परतल्या. बॅगा दारातच ठेवून त्यांनी आधी सुभेदाराला उचललं, कानाशी धरलं, खाली ठेवलं.

"त्याने काही खाल्लं नाही," फत्तेसिंहराव म्हणाले. "मी खोटं सांगत होतो."

"माहीत होतं मला."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हात हातात घेऊन जखम दाबली, थेंब पाहिला, पदराने पुसला. जावयाने दिलेला स्वेटर त्यांच्या अंगावर धरून बघावा, तसं त्यांच्या गालावरून एकदा बोट फिरवलं.

"किती ताजे दिसताय," त्या म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली, ऊन कुठवर येतं ते पाहून जरा पुढे सरकवली आणि त्यांना दंडाला धरून बसवलं.

"शांतीने बसा. उठू नका."

ऊन छान होतं. किती दिवसांनी ते अंगाला लागत होतं. कापलेलं बोट ठणकू लागलं आणि थेंबाच्या कडा वाळताना त्यांना दिसल्या. बरं वाटलं. आत फोन वाजला; शलाकाचाच असणार.

"हो गं, पोहोचले," बाई सांगत होत्या. "सुभेदार ना? खाईल आता. थोडा वेळ लागेल."

फत्तेसिंहरावांना वळून आत बघायचं होतं, पण मान जड झाली होती. ती छातीकडे झुकली तेव्हा त्यांना आपली पावलं दिसली, आणि पावलांपाशी, मान लांब काढून, सुभेदार वाट बघत बसला होता.